प्लंबर, वायरमन, गवंडी: घरदुरुस्तीला भरवशाचा माणूस कसा निवडावा

नळ गळायला लागतो, भिंतीला ओल येते किंवा गीझर लावला की एमसीबी (बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज जातो: ‘कोणाकडे चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का?’ पाच मिनिटांत चार-पाच नंबर येतात. त्यातला एखादा लावण्याआधी थोडा वेळ स्वतः बघण्यात घालवला, तर चुकीच्या माणसाला बोलावणं आणि नको ते फोडणं बरंचसं टळतं. कारण आपल्याकडे कामं धंद्याप्रमाणे वाटलेली आहेत. पडद्याचे रॉड, आरसा, दाराची कडी अशी किरकोळ कामं करणारा ‘मी सगळं करतो’ म्हणाला तर हरकत नाही. तोच माणूस मीटरच्या बोर्डाचं झाकण उघडायला निघाला तर थांबवा.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते गळतीत. छताला ओल दिसली की प्लंबर म्हणतो फरशीचे सांधे गेलेत, फरशीवाला म्हणतो आतला पाईप फुटलाय, आणि वॉटरप्रूफिंगवाला थेट सगळं फोडण्याचा भाव सांगतो. तिघंही खोटं बोलत असतात असं नाही. जो तो आपल्या हातातलं काम सांगतो. निदान मात्र आधी व्हायला हवं, आणि ते बऱ्याच अंशी घरबसल्या होतं.

येणाऱ्या पाण्याची लाइन कायम दाबाखाली असते, त्यामुळे ती फुटली तर रात्रंदिवस ठिबकते. जाणाऱ्या पाण्याची लाइन, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जाण्याचं तोंड) किंवा फरशीचे सांधे गळत असतील, तर वरच्या घरात आंघोळी झाल्यावर तास-दोन तासांत ओल वाढते आणि दुपारी थांबते. फक्त पावसाळ्यात येणारी ओल बाहेरच्या भिंतीची, खिडकीच्या चौकटीची किंवा गच्चीची. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, दोन-तीन दिवस हेच करा. शंका उरली तर वरच्या बाथरूमचा येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह एक रात्र बंद ठेवायला सांगा. एरवी रात्रभर चालणारं ठिबकणं सकाळपर्यंत थांबलं तर दोष येणाऱ्या लाइनीत. तरीही कळत नसेल तर नहाणी ट्रॅपमध्ये रंग कालवलेलं बादलीभर पाणी ओता. खाली रंगीत पाणी उतरलं की वाद मिटला. एवढं हातात असलं की प्लंबर बोलवायचा की गवंडी, हे ठरतं आणि येणाराही अंदाजाने फोडत नाही.

खर्च कोणाचा, हेही इथेच पाहून घ्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाईपची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. घरातल्या संडास-बाथरूम, सिंक वगैरेंमधून होणारी गळती संबंधित सदस्यांनी आपसांत मिटवायची. तारखांसह काढलेले फोटो सोसायटीच्या मीटिंगमध्ये फार उपयोगी पडतात.

नळाचं निदान सोपं आहे. बऱ्याच फेऱ्या मारून बंद होणारा जुन्या पद्धतीचा नळ ठिबकत असेल तर बहुधा वॉशर गेलेला असतो. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात स्पिंडल, म्हणजे पाणी उघड-बंद करणारा आतला भाग. दोन्ही सुटे मिळतात, फक्त स्पिंडल त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा लागतो. म्हणून नळावरचं नाव वाचून ठेवा.

विजेचं काम असेल तर नेमकं काय पडतं ते बघा. गीझर लावल्या क्षणी एमसीबी पडत असेल तर शॉर्ट झालेला असण्याची शक्यता जास्त. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर लोड जास्त आहे किंवा जोड सैल होऊन तापतोय. आरसीसीबी, म्हणजे ज्यावर टेस्टचं छोटं बटण असतं तो, पडत असेल तर करंट कुठेतरी गळतोय. फोनवर एवढं सांगितलं की चांगला वायरमन लगेच दोन उलट प्रश्न विचारतो. ‘येऊन बघतो’ एवढंच म्हणणारा वाईट असतोच असं नाही, पण उलट प्रश्न विचारणाऱ्याला आधी बोलवा.

नंबर कुठून घ्यायचा

हार्डवेअरचं दुकान हे अजूनही सगळ्यात चांगलं ठिकाण. कोण कुठला माल नेतो, कोण उधारी वेळेवर देतो, कोणाची गिऱ्हाइकं तक्रार घेऊन दुकानापर्यंत येतात, हे दुकानदाराला माहीत असतं. ‘चांगला कोण’ असं विचारलं तर तो समोर उभ्या असलेल्याचं नाव सांगेल. ‘तुमच्या घरी काम निघालं तर कोणाला बोलावता?’ असं विचारा. दुकानाला आणि कारागिराला एकमेकांकडून कमिशन मिळतं, हे धरून चालायचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, भाव करताना लक्षात असू द्यावं.

शेजाऱ्यांकडून नंबर घेताना काम कधी झालं ते विचारा. गेल्या महिन्यात झालेल्या वॉटरप्रूफिंगचं कौतुक बिनकामाचं. त्यावरून एक पावसाळा गेलेला हवा. ‘पुन्हा बोलावलं तेव्हा आला का?’ हा प्रश्न ‘काम कसं केलं?’ यापेक्षा जास्त सांगून जातो.

अर्बन कंपनीसारख्या ॲपवर भाव आधी दिसतो आणि तक्रारीला जागा असते. नळ, पंखा, सॉकेट अशा ठरीव कामांना ते सोयीचं. भिंत फोडायची, जुनी लाइन शोधायची अशा कामांना मात्र तुमच्या भागातल्या इमारती ओळखणारा माणूस बरा. चाळीस वर्षांच्या इमारतीत जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप कुठून फिरवलाय हे त्याला अंगवळणी असतं. मुंबईतला नाका किंवा पुण्यातला मजूर अड्डा इथून सकाळी माणसं मिळतात. फोडाफोड, माती-विटा वाहणं, राडारोडा भरणं याला तिथून बिगारी घ्यायला काहीच हरकत नाही, पण कसबाचं काम अनोळखी माणसाला अड्ड्यावरून थेट देऊ नका.

फ्रिज, वॉशिंग मशीन, आरओ यांच्यासाठी इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधणं सगळ्यात धोक्याचं. वरचे बरेच नंबर कंपनीचे नसतातच. वस्तूच्या वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर घ्या. ‘नोंदणीसाठी दहा रुपये या लिंकवर भरा’ किंवा ‘हे ॲप डाउनलोड करा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे जितका उशीर तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता कमी.

वेळेचंही गणित आहे. गच्ची, पत्रे आणि बाहेरच्या भिंतींची कामं मेमध्ये सगळ्यांनाच आठवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माणूस मिळतो आणि सिमेंटच्या कामाला वाळायला वेळही. कोकणात आणि गोव्यात कौलं शाकारायची असतील तर पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दारात असतो, त्यामुळे माणसं एप्रिलमध्येच सांगून ठेवलेली बरी. शिमग्याला आणि गणपतीत कोकणातले कारागीर गावी असतात, होळी आणि छठला उत्तरेकडचे. रंगारी दसरा-दिवाळीच्या आधी भेटणं मुश्किल. या दिवसांत ‘उद्या येतो’चा अर्थ उद्या असा घेऊ नये.

बघायला येतो तेव्हा काय पारखायचं

माणसाची खरी परीक्षा भाव सांगण्याआधीच्या पंधरा मिनिटांत होते. काम न बघता दारातूनच आकडा सांगणारा एकतर जास्त सांगतो किंवा मध्येच वाढवतो.

प्लंबर आल्यावर आधी मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारतो का, आणि तो नीट बंद होतो का हे बघतो का? जुने व्हॉल्व्ह बंद होत नाहीत आणि अर्धं काम झाल्यावर पाणी थांबत नाही, हा नेहमीचा घोळ. नळ न उघडताच ‘बदलावा लागेल’ म्हणाला, तर उघडून दाखवायला सांगा. नवीन फ्लॅटमधले पांढुरके-पिवळसर पाईप बहुतेक सीपीव्हीसी या प्लास्टिकचे असतात; ते गरम पाण्याला चालतात. साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. दोन्हींचे जोड चिकटवायचं सोल्युशनही वेगळं. ‘एकाच डब्यातलं दोन्हीला चालतं’ म्हणणाऱ्याला गीझरची लाइन देऊ नका.

वायरमनच्या बाबतीत जरा जास्त काटेकोर राहा, कारण इथे चूक जिवावर बेतते. महाराष्ट्रात वायरमनला परवाना असतो आणि ठेकेदाराचा वेगळा परवाना असतो. नुसता स्विच बदलायला कोणी परवाना मागत नाही, पण घरभर वायरिंग, लोड वाढवणं किंवा नवीन मीटर असेल तर परवानाधारक ठेकेदारच घ्या. नव्या कनेक्शनला वीज कंपनी त्याचा टेस्ट रिपोर्ट मागते. आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स केलाय का, हेही विचारायला लाजू नका. मग त्याचे हात बघा. बोर्ड उघडण्याआधी एमसीबी बंद करतो का? बंद केल्यावर टेस्टर लावून खात्री करतो का? पिशवीत मल्टिमीटर आहे का? गीझरच्या सॉकेटला फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट मिळायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. हे मोजून दाखवणाऱ्याचा नंबर जपून ठेवा.

तीन गोष्टी ऐकू आल्या तर काम तिथेच थांबवा. पहिली: ‘एमसीबी सारखा पडतो ना, मोठा टाकतो.’ एमसीबी वायरला वाचवायला असतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी टाकला तर आधी वायर तापते, एमसीबी शांत बसतो. दुसरी: ‘आरसीसीबी डायरेक्ट करून देतो.’ म्हणजे गळणारा करंट तसाच, फक्त सांगणारं यंत्र काढून टाकलं. तिसरी सगळ्यात वाईट: ‘अर्थिंग नाहीये, न्यूट्रल जोडतो तिथे.’ सॉकेटच्या मोठ्या भोकाला न्यूट्रलची वायर जोडली की टेस्टरने सगळं ठीक दिसतं. पुढे केव्हातरी न्यूट्रल कुठे तुटला, की गीझरच्या पत्र्यात थेट २३० व्होल्ट येतात आणि ओल्या अंगाने नळाला हात लागतो.

गवंड्याला विचारा: जुन्या पृष्ठभागाला टाचे मारणार (ठोकून खडबडीत करणार) का, आधी पाणी मारणार का, आणि नंतर पाणी कोण मारणार? नवा गिलावा गुळगुळीत जुन्या थरावर चिकटत नाही. सात दिवस पाणी मिळालं नाही तर भेगा पडतात. ‘पाण्याची एवढी गरज नाही’ असं म्हणणाऱ्या गवंड्याचं काम पुढच्या वर्षी पुन्हा निघतं. सुताराला सिंकखालच्या कपाटाला कुठलं प्लाय घालणार ते विचारा. प्लायवर भारतीय मानकाचा (आयएस) क्रमांक असतो: आयएस ३०३ हे साधं, आयएस ७१० हे पाण्यातलं. बाकी घराला साधं चालेल, सिंकखाली नाही. रंगाऱ्याला एकच प्रश्न: ओल वाळायच्या आत पुट्टी लावणार का? हो म्हणाला तर दुसरा बघा.

ड्रिलवाला क्षुल्लक वाटतो, पण नुकसान तोही करतो. स्विचबोर्डच्या आणि नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये. आतल्या वायरी आणि पाईप तिथूनच उभे गेलेले असतात. नव्या इमारतींत भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही आणि टीव्हीचा ब्रॅकेट महिन्याभरात हलायला लागतो. भोकातून पांढरी-करडी पूड सरसर यायला लागली की तो ब्लॉक आहे असं समजा आणि त्यासाठीचे लांब अँकर आणायला सांगा.

भाव, बोली आणि एक मेसेज

भाव तीन तऱ्हेने ठरतो. रोजावर, म्हणजे दिवसाची मजुरी. गवंडी आला की बिगाऱ्याचा रोज वेगळा. उक्तं, म्हणजे अख्ख्या कामाचा एक आकडा. आणि मापाने: गिलावा, फरशी, रंग चौरस फुटावर किंवा ब्रासवर, स्कर्टिंग आणि पाईप रनिंग फुटावर. एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. जिथे आत काय निघेल हे माहीत नाही तिथे उक्तं देऊ नका: कारागीर धोका धरून आकडा फुगवतो किंवा तोटा दिसला की अर्ध्यात सोडतो. जिथे काम डोळ्यांसमोर स्पष्ट आहे तिथे उक्तं चांगलं. रंगाच्या मापात दारं-खिडक्या वजा धरल्यात की नाही, हे आधी बोला. भांडणं तिथेच होतात.

लहान कामाला माणूस ‘किमान इतके’ मागतो, कारण त्याचा अर्धा दिवस येण्या-जाण्यात जातो. यावर घासाघीस करण्यापेक्षा चार-पाच किरकोळ कामं साठवून यादी करा आणि एकाच फेरीत उरका. दोघांना परवडतं.

तीन जणांचे भाव घेतले आणि एक फारच खाली असेल तर आनंदून जाऊ नका. पैसे कुठे वाचवणार ते विचारा. बहुधा रंगाचा एक हात कमी, २.५च्या जागी १.५ची वायर, जुनेच अँगल कॉक पुन्हा, किंवा राडारोडा तुमच्याच जिन्यात, यांपैकी काहीतरी असतं.

ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. स्टॅम्पपेपरची गरज नाही, पण नुसत्या तोंडी बोलीत दोघंही प्रामाणिकपणे वेगवेगळं ऐकतात. मेसेज असा असू शकतो:

‘दादा, ठरल्याप्रमाणे: १) बाथरूममधले २ अँगल कॉक आणि १ हेल्थ फॉसेट बदलणे. २) बेसिनखालचा वेस्ट पाईप आणि बॉटल ट्रॅप बदलणे. ३) गीझरची अर्धा इंची सीपीव्हीसी लाइन, साधारण ८ फूट, टाइल न फोडता बाहेरून. मजुरी उक्ती, जो आकडा बोललो तोच. माल मी दुकानात बिलावर देणार, उरलेला परत करायचा. शनिवारी सकाळी १० ला सुरू, त्याच दिवशी पूर्ण. जास्तीचं काही निघालं तर आधी फोटो पाठवून विचारायचं. टाइल फुटली तर ती तुमच्याकडे. पैसे पाणी सोडून बघितल्यावर. बरोबर ना?’

त्याने ‘हो’ किंवा नुसता अंगठा पाठवला तरी पुरे. यातलं ‘जास्तीचं काही निघालं तर आधी विचारायचं’ हे वाक्य बाकी सगळं विसरलं तरी लिहा.

ॲडव्हान्सचं म्हणाल तर एका दिवसाच्या कामाला लागत नाही. मालाचे पैसे थेट दुकानाला यूपीआयने द्या. आठवड्याहून मोठ्या कामात माणसं दर आठवड्याला खर्ची मागतात. ती रास्त आहे, त्यावर त्यांची घरं चालतात. फक्त झालेल्या कामापेक्षा खर्ची पुढे जाऊ देऊ नका. साधारण दहा टक्के शेवटच्या तपासणीपर्यंत राखून ठेवा आणि हे पहिल्या दिवशीच सांगा, शेवटच्या दिवशी नाही. कोणी जीएसटी लावला तर बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. २० लाखांच्या आत वार्षिक उलाढाल असलेल्या सेवांना नोंदणी सहसा लागत नाही, त्यामुळे एकट्या प्लंबरकडे तो नसणं यात गैर काही नाही. मात्र नंबर नसताना जीएसटी मागणं गैर आहे.

माल

विजेचा माल स्वतः आणा. भिंतीत गेल्यावर तो कोणाला दिसत नाही. वायरवर ठरावीक अंतरावर कंपनी, जाडी, आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ छापलेलं असतं. दिव्यांना १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटला किमान २.५, एसी किंवा ३ किलोवॉटच्या गीझरला ४ चौरस मिलिमीटर. बंडल साधारणपणे ९० मीटरचं येतं. प्लंबिंगच्या मालात लहान-लहान जोड पन्नास प्रकारचे, म्हणून यादी त्याच्याकडून घ्या आणि शक्य असल्यास दोघांनी दुकानात जा. सीपीव्हीसी पाईपवर आयएस १५७७८ बघा. न कापलेले जोड बिल असेल तर दुकानदार बहुधा परत घेतो. सिमेंटच्या पोत्यावर बनवल्याचा आठवडा किंवा महिना छापलेला असतो. तीन महिन्यांहून जुनं पोतं घेऊ नका. रंगाचे डबे तुमच्यासमोर उघडायला लावा. त्यात रंगाऱ्यासाठी कूपन असतं, ते त्याला खुशाल घेऊ द्या. लक्ष ठेवायचं ते पाणी किती घालतो यावर. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं.

काम चालू असताना

सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, फोडाफोडीच्या वेळा आणि राडारोडा कुठे टाकायचा हे आधी विचारून घ्या. पोती भरून खाली ठेवणं एक, ती उचलून नेणं दुसरं. टेम्पोचे पैसे कोणाचे ते ठरवा. खालच्या घराला आदल्या दिवशी सांगा. नवीन माणूस असेल तर ओळखपत्र बघा. आधारची प्रत घ्यायचीच झाली तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार मागा, तेवढं पुरतं. यूपीआयवर दिसणारं नाव आणि सांगितलेलं नाव जुळतं का, हेही कळतं. ज्या खोलीत काम आहे ती मोकळी करा, बाकीच्या बंद. पाणी, चहा आणि कुठलं बाथरूम वापरायचं हे सकाळीच सांगून टाका. दिवसभराची अवघडलेली विचारणा वाचते.

मध्येमध्ये जाऊन बघायच्या जागा मोजक्याच आहेत. सीपीव्हीसीचा जोड करताना पाईप सरळ कापलेला, आतली कड साफ केलेली, सोल्युशन दोन्हीकडे लावलेलं आणि जोड बसवून दहा-पंधरा सेकंद धरलेला हवा. घाईत लगेच पाणी सोडलं की जोड आतून सुटतो आणि दोन महिन्यांनी भिंत ओली होते. गरम पाण्याच्या लाइनीला शक्यतो एक दिवस थांबा. पितळी जोड पान्याने फार आवळला तर त्याभोवतीचं प्लास्टिक तडकतं. गळती लगेच दिसत नाही. भिंत बंद होण्याआधी उघड्या पाईपांचे आणि वायरींचे फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढा. पाच वर्षांनी ड्रिल करताना याच फोटोंची किंमत कळते.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग असेल तर इथे अजिबात घाई करू देऊ नका. कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर किमान फूटभर चढवलेला, शॉवरच्या बाजूला आणखी वर. वाळल्यावर नहाणी ट्रॅप कापड आणि पिशवीने गच्च बंद करा, दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि २४ ते ४८ तास तसंच ठेवा. खालच्या घरात जाऊन छत बघा. टाइल या चाचणीनंतरच. नुसत्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून ‘गळती बंद’ करणारे भेटतात. सांधा खरंच गळत असेल तर थोडे महिने बरे जातात, ट्रॅप किंवा पाईप गळत असेल तर तेवढेही नाही. आणि ‘दहा वर्षांची गॅरंटी’ विचारून बघा: कागदावर कोणाची सही, गळाल्यावर मजुरी कोणाची, टाइलचा खर्च कोणाचा? उत्तर बहुधा फक्त रसायनाच्या डब्यापुरतं असतं.

बाहेरच्या पाईपला परांची किंवा झुला आणि कमरेला पट्टा असल्याशिवाय कोणालाही खिडकीबाहेर उतरवू नका, तो स्वतः ‘रोज करतो’ म्हणाला तरी. सेप्टिक टँक किंवा गटारात सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो बोलावणाऱ्यालाही लागू होतो. त्यासाठी नगरपालिकेची किंवा खासगी सक्शन गाडी बोलवा.

गावाकडचं घर दुरुस्त करायचं आणि तुम्ही मुंबई-पुण्यात, अशा वेळी कामाच्या टप्प्यांवर व्हिडिओ कॉल ठरवा: जुनं काढल्यावर, माल आल्यावर, झाकण्याआधी. शाकारणीत नवी कौलं किती लागली, फुटकी किती निघाली, यांचा ढीग वेगळा ठेवून फोटो मागवा.

पैसे देण्याआधी

बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. खाली कोरडं वर्तमानपत्र पसरलेलं असू द्या. गळणारा ट्रॅप हळू धारेत कळत नाही. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर टेकवून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. फ्लश सलग दोन-तीनदा. बाथरूमच्या चारही कोपऱ्यांत मगभर पाणी ओता. ते ट्रॅपकडे वाहून गेलं पाहिजे, साचलं तर उतार चुकलाय आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. टाइलवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली माल पूर्ण भरलेला नाही. गीझर वीस मिनिटं चालवा, बंद करून प्लग काढा आणि प्लगला व सॉकेटला बाहेरून हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर जोड सैल आहे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडलाच पाहिजे.

सगळं नीट असेल तर ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या. आठ दिवस फेऱ्या मारायला लावणाऱ्या घरी पुढच्या वेळी चांगला माणूस येत नाही. नंबर सेव्ह करताना नावापुढे काम आणि महिना लिहा.

बिघडलं तर

आधी फोटो, मग मेसेज, मग फोन. ‘२ तारखेला बसवलेला अँगल कॉक गळतोय, या आठवड्यात येऊन बघा’ असं साधं लिहा. बहुतेक जण येतात. एकदा-दोनदा सांगूनही न आल्यास राखलेल्या पैशांतून दुसऱ्याकडून करून घ्या आणि त्याचं बिल पहिल्याला पाठवा. हजार-दोन हजारांच्या कामासाठी यापुढे जाण्यात वेळच जातो. रक्कम मोठी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पक्कं बिल नसलं तरी व्हॉट्सॲपवरची बोली, यूपीआयच्या नोंदी आणि तारखांचे फोटो पुरावा म्हणून जोडता येतात. तक्रार सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते.